उपपद, निश्चयवाचक : इंग्रजी रोगनामे व संक्षेप

उपपद, निश्चयवाचक : (रोगनामे व संक्षेप). नामाने दर्शविलेली वस्तू वक्ता व श्रोता या दोघांनाही परिचित आहे, असे सुचविण्यासाठी इंग्रजी भाषेत नामापूर्वी योजल्या जाणाऱ्या ‘द’ या शब्दास निश्चयवाचक उपपद म्हणतात. ‘अ’ किंवा ‘ॲन’ हे अनिश्चयवाचक उपपद होय. उपपदाच्या योजनेचे सामान्य नियम व्याकरणग्रंथांत दिलेले असतात. परंतु रोगांची नावे आणि आद्याक्षरांपासून बनलेले संक्षेप या दोन क्षेत्रांत ते नियम अपुरे पडतात. ‘मलेरिया’ या नामापूर्वी उपपद येत नाही, ‘प्लेग’पूर्वी बहुधा येते, ‘फ्ल्यू’पूर्वी येते किंवा गळते. ‘बीबीसी’ला ‘द’ लागतो, ‘युनिसेफ’ला लागत नाही. ज्यांच्या मातृभाषेत उपपद हा शब्दवर्गच नाही, त्यांना हे भेद लहरी वाटतात. वस्तुतः त्यांमागे नामाचा इतिहास, त्याची गणनीयता आणि संक्षेपाचा उच्चार अशी कारणे आहेत. वैद्यकीय नोंदी, औषधांवरील सूचना व आरोग्यविषयक पत्रके इंग्रजीत लिहून मराठीत उतरविली जात असल्यामुळे या विषयास व्यावहारिक महत्त्वही आहे. चंद्रपूर जिल्ह्यातील राजुरा परिसरासारख्या बहुभाषिक प्रदेशात ते विशेष जाणवते; त्याचे विवेचन पुढे केले आहे.

उगम व इतर भाषांतील स्थिती : इंग्रजीतील ‘द’ हा प्राचीन इंग्रजीतील दर्शक सर्वनामापासून आणि ‘ॲन’ हा ‘एक’ या अर्थाच्या संख्यावाचकापासून विकसित झाला. लॅटिनमध्ये उपपद नव्हते. तिच्यापासून निघालेल्या फ्रेंच, इटालियन इ. भाषांत ते दर्शक सर्वनामापासूनच निर्माण झाले. ग्रीकमध्ये ते प्राचीन काळापासून आहे. संस्कृत व रशियन या भाषांत ते नाही. तसेच मराठी, हिंदी, उर्दू, तेलुगू, गोंडी व कोलामी या भाषांतही इंग्रजीसारखे निश्चयवाचक उपपद नाही.

उपपद असलेल्या सर्व भाषांत रोगनामांची वागणूक सारखी नसते. फ्रेंचमध्ये एखाद्यास फ्ल्यू झाला वा एड्स झाला असे सांगताना त्या रोगनामांपूर्वी निश्चयवाचक उपपद येतेच. इटालियनमध्ये ताप व मलेरिया यांची गोष्ट अशीच आहे. इंग्रजीने मात्र मधली वाट स्वीकारली : जुन्या व लोकरूढ रोगनामांपूर्वी उपपद राहिले, तर शास्त्रीय परिभाषेतून आलेल्या नावांपूर्वी ते आले नाही किंवा कालांतराने गळाले.

रोगनामांचे वर्ग : उपपदाच्या दृष्टीने इंग्रजी रोगनामांचे स्थूलमानाने चार वर्ग पडतात.

(१) उपपदरहित नामे. शास्त्रीय परिभाषेतील बहुसंख्य नावे या वर्गात येतात. उदा., ‘मलेरिया’, ‘ट्यूबरक्युलोसिस’, ‘न्यूमोनिया’, ‘डायबेटिस’, ‘अस्थमा’, ‘लेप्रसी’. ही नामे अगणनीय असून ती एखाद्या द्रव्याच्या नावाप्रमाणे वापरली जातात. व्यक्तिनामावरून पडलेली ‘पार्किन्सन्स डिसीज’ यांसारखी नावेही उपपदावाचून येतात. ‘कॅन्सर’ हे नाव रोग या अर्थी उपपदरहित असते; पण एखादी विशिष्ट गाठ अभिप्रेत असेल, तर ‘अ कॅन्सर’ असा प्रयोग होऊ शकतो.

(२) ‘द’ घेणारी नामे. ‘द प्लेग’, ‘द बेंड्स’ (पाणबुड्यांना जलदाब एकदम कमी झाल्यामुळे होणारा विकार) ही यांची उदाहरणे होत. समाजावर वारंवार कोसळणारे, सर्वांना ठाऊक असलेले संकट अशी ज्यांची ओळख होती, त्या रोगांना बोलीभाषेने ‘द’ जोडला. चौदाव्या शतकातील यूरोपातील महामारीच्या ‘द ब्लॅक डेथ’ या नावात उपपद कायमचे रुतले आहे. ‘प्लेग’ हे नाव जंतुशास्त्रीय लेखनात मात्र उपपदावाचून येते. एकाच रोगाचे नाव बोलीत सोपपद व शास्त्रात निरुपपद असण्याचे हे ठळक उदाहरण होय.

(३) वैकल्पिक उपपद घेणारी नामे. ‘मीझल्स’ (गोवर), ‘मम्प्स’ (गालगुंड), ‘फ्ल्यू’, ‘चिकनपॉक्स’ (कांजिण्या) या नावांपूर्वी ‘द’ आला तरी चालतो, न आला तरी चालतो. औपचारिक लेखनात तो गाळण्याकडे कल असतो. यांपैकी ‘मीझल्स’ व ‘मम्प्स’ ही रूपाने अनेकवचनी असली, तरी क्रियापद बहुधा एकवचनी घेतात. ‘पॉक्स’ हा शब्दही मुळात पुटकुळी या अर्थाच्या शब्दाचे अनेकवचन असून आता एकवचनी मानला जातो.

(४) ‘अ’ घेणारी नामे. रोगापेक्षा लक्षण किंवा एकवार घडणारी घटना दर्शविणारी ही नामे गणनीय असतात. उदा., ‘अ कोल्ड’ (पडसे), ‘अ हेडेक’ (डोकेदुखी), ‘अ स्ट्रोक’ (पक्षाघाताचा झटका), ‘अ हार्ट अटॅक’. ‘फीव्हर’ हा शब्द दोन्ही प्रकारे येतो. ब्रिटिश व अमेरिकन इंग्रजीत ताप आल्याचे सांगताना त्यापूर्वी बहुधा ‘अ’ असतो. भारतीय इंग्रजीत तो गाळण्याची प्रवृत्ती सार्वत्रिक आहे.

उपपद गळण्याची प्रक्रिया : हे वर्ग अचल नाहीत. ‘मलेरिया’ हा शब्द ‘दूषित हवा’ या अर्थाच्या इटालियन शब्दांपासून बनला असून अठराव्या शतकात तो इंग्रजीत आला. हॉरिस वॉल्पोल या इंग्रज लेखकाच्या १७४० मधील पत्रात तो ‘द’सह आढळतो. तेव्हा तो रोमसारख्या ठिकाणच्या एका विशिष्ट हवेचे वर्णन होता. रॉनल्ड रॉस यांनी १८९७ मध्ये सिकंदराबाद येथे डासाच्या शरीरात हिवतापाचे परोपजीवी दाखवून दिले व दूषित हवेची कल्पना मागे पडली. शब्द मात्र रोगाचे निरुपपद नाव म्हणून टिकला. ‘इन्फ्ल्यूएंझा’ हाही ‘प्रभाव’ या अर्थाचा इटालियन शब्द असून १७४३ च्या सुमारास तो इंग्रजीत आला. शास्त्रीय लेखनात त्याने उपपद टाकले. पण त्याच्या ‘फ्ल्यू’ या लघुरूपाने ते बोलीत राखले. ‘कॉलरा’पूर्वीही एकोणिसाव्या शतकातील लेखनात ‘द’ वारंवार आढळतो. आता तो क्वचितच येतो.

यावरून एक सामान्य विधान करता येते : रोग हे भयप्रद, ओळखीचे अरिष्ट असेपर्यंत त्याच्या नावाला उपपद चिकटते, त्याचे कारण समजून तो वर्गीकरणातील एक पद बनला, की उपपद गळू लागते. अगदी अलीकडचे उदाहरण कोव्हिडचे आहे. जागतिक आरोग्य संघटनेने ११ फेब्रुवारी २०२० रोजी निश्चित केलेले ‘कोव्हिड-१९’ हे नाव आरंभापासून उपपदरहित आहे. परंतु ‘कोरोनाव्हायरस’ हे विषाणूंच्या एका गटाचे सामान्यनाम असल्याने, त्या विशिष्ट विषाणूचा निर्देश करताना ‘द कोरोनाव्हायरस’ असे लिहिले गेले.

संक्षेप : आद्याक्षरी संक्षेपांचे दोन प्रकार आहेत. काही संक्षेपांतील अक्षरे सुटी उच्चारली जातात (बीबीसी, यूएन). काहींचा उच्चार एका शब्दासारखा होतो (युनेस्को, नाटो, एम्स). संस्थांच्या बाबतीत सुट्या अक्षरांचे संक्षेप सामान्यतः ‘द’ घेतात व शब्दवत उच्चारले जाणारे संक्षेप घेत नाहीत. कारण दुसऱ्या प्रकारचा संक्षेप विशेषनामासारखा वागू लागतो. म्हणून ‘ऑल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ मेडिकल सायन्सेस’ या पूर्ण नावाआधी ‘द’ येतो, पण ‘एम्स’आधी नाही. या नियमास अपवाद आहेत. जागतिक आरोग्य संघटना ‘डब्ल्यूएचओ’ हा स्वतःचा संक्षेप आपल्या प्रकाशनांत उपपदावाचून वापरते. वृत्तपत्रे मात्र बहुधा ‘द’ लावतात. व्यापारी कंपन्यांचे संक्षेपही सामान्यतः निरुपपद असतात.

रोगनामांच्या संक्षेपांना हा उच्चाराचा निकष लागू पडत नाही. ‘टीबी’ व ‘एचआयव्ही’ यांतील अक्षरे सुटी उच्चारली जातात. ‘एड्स’ व ‘सार्स’ यांचा उच्चार शब्दासारखा होतो. चारही उपपदरहित आहेत. विषाणूच्या ‘ह्यूमन इम्युनोडेफिशन्सी व्हायरस’ या पूर्ण नावाआधी ‘द’ आवश्यक असतो. संक्षेप होताच तो नाहीसा होतो. ‘व्हायरस’ हा गणनीय शब्द संक्षेपात दडल्यामुळे त्याचे व्याकरणही लोपते. हा शब्द दडलेला आहे याचे विस्मरण झाल्याने ‘एचआयव्ही विषाणू’ असा द्विरुक्तिपूर्ण प्रयोग इंग्रजीप्रमाणे मराठीतही रूढ झाला आहे.

संक्षेपानंतर दुसरे नाम आले, तर उपपद त्या नामाचे असते, संक्षेपाचे नव्हे. ‘द टीबी पेशंट’ यात ‘द’ रुग्णाचा आहे. ‘द एड्स एपिडेमिक’ यात तो साथीचा आहे. अशी उदाहरणे वाचून ‘टीबी’ वा ‘एड्स’ यांनाच ‘द’ लागतो, अशी चुकीची समजूत होते. ‘अ’ व ‘ॲन’ यांची निवड लेखनावरून नव्हे, तर उच्चारावरून होते : ‘ॲन एक्स-रे’, ‘ॲन एमआरआय’, ‘ॲन एचआयव्ही टेस्ट’, परंतु ‘अ टीबी पेशंट’ व ‘अ यूएन एजन्सी’. ‘द’चा उच्चारही पुढील शब्द स्वराने सुरू होत असल्यास ‘दि’ असा होतो. महाराष्ट्रातील अनेक सहकारी संस्थांच्या मराठी नामफलकांवर मात्र व्यंजनापूर्वीही ‘दि’च लिहिलेला दिसतो.

सामान्यनामांच्या संक्षेपांना गणनीय नामांचे सर्व नियम लागतात. ‘पीएचसी’ म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्र; अशी केंद्रे अनेक असल्याने ‘अ पीएचसी’ किंवा ‘द पीएचसी’ असेच लिहावे लागते. ‘आशा’ हा संक्षेप या दृष्टीने लक्षणीय आहे. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान २००५ मध्ये सुरू झाले, तेव्हा गावपातळीवरील आरोग्य कार्यकर्तीच्या इंग्रजी पदनामाच्या आद्याक्षरांपासून तो बनविण्यात आला. त्याचा उच्चार शब्दासारखा असला, तरी तो संस्थेचे नव्हे, तर पदधारक स्त्रीचे नाव असल्यामुळे इंग्रजीत ‘ॲन आशा’, ‘द आशा’ असे प्रयोग होतात. मराठीने त्याच संक्षेपाला ‘ताई’ हा नातेवाचक शब्द जोडून ‘आशाताई’ केले.

मराठीतील निश्चितार्थ : मराठीत उपपद नसले, तरी निश्चितार्थ व्यक्त करण्याची साधने आहेत. दर्शक सर्वनाम हे त्यांपैकी पहिले होय : ‘हा रोग’, ‘ती लस’. विभक्तिप्रत्यय हे दुसरे. ‘तो परिचारिका शोधतो आहे’ या वाक्यात कोणीही परिचारिका चालेल. ‘तो परिचारिकेला शोधतो आहे’ या वाक्यात एक ठरावीक परिचारिका अभिप्रेत आहे. इंग्रजीत जो भेद ‘अ’ आणि ‘द’ दाखवितात, तो येथे ‘ला’ हा प्रत्यय दाखवितो. पदक्रम व ‘च’ हे अव्यय यांचाही असाच उपयोग होतो.

रोगाविषयीच्या वाक्याची घडणही दोन्ही भाषांत भिन्न आहे. इंग्रजीत रोगी हा कर्ता व रोग हे कर्म असते. मराठीत रोगी चतुर्थीत जातो व रोग कर्त्याच्या जागी येतो. परिणामी क्रियापद रोगनामाच्या लिंगवचनानुसार बदलते : ताप येतो, गोवर निघतो, पटकी होते, कांजिण्या येतात, देवी येतात. इंग्रजीत उपपदामुळे जाणवणारी रोगाची ओळख मराठीत लिंग, वचन व क्रियापद यांतून जाणवते. ‘देवी’ हे नाव तर रोगाला परिचित दैवताचेच स्थान देते. तेलुगूतील ‘अम्मवारु’ या नावामागेही हीच कल्पना आहे. देवी रोगाचे जगातून निर्मूलन झाल्याची घोषणा १९८० मध्ये झाली. भाषेत मात्र ‘देवीचे व्रण’, ‘देवी टोचणे’ हे प्रयोग राहिले. १९१८ च्या इन्फ्ल्यूएंझाच्या साथीला महाराष्ट्रात ‘मानमोडी’ हे नाव पडले, तेही याच प्रवृत्तीचे द्योतक होय.

इंग्रजी संक्षेप मराठीत आले, की त्यांनाही लिंग प्राप्त होते. ‘टीबी’ हा रोग म्हणून पुल्लिंगी झाला, ‘बीसीजी’ ही लस म्हणून स्त्रीलिंगी झाली, तर राज्य परिवहनाची ‘एसटी’ ही गाडी म्हणून स्त्रीलिंगी झाली. त्यांना विभक्तिप्रत्ययही सहज लागतात : ‘एचआयव्हीची लागण’, ‘पीएचसीत भरती’.

राजुरा परिसराचे उदाहरण : राजुरा हे वर्धा नदीपलीकडे, बल्लारपूरच्या समोरच्या बाजूस वसलेले चंद्रपूर जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण असून हा भाग तेलंगणाच्या सीमेस लागून आहे. राजुरा तालुका पूर्वी हैदराबाद संस्थानातील आदिलाबाद जिल्ह्यात होता. राज्यपुनर्रचनेत १९५६ मध्ये तो नांदेड जिल्ह्यास व १९५९ मध्ये चंद्रपूर (तत्कालीन चांदा) जिल्ह्यास जोडण्यात आला. त्यामुळे येथील जुन्या पिढीचा शासनव्यवहार उर्दूशी व नंतरच्या पिढ्यांचा मराठीशी निगडित राहिला. परिसरात मराठीबरोबर तेलुगू, गोंडी, कोलामी व हिंदी बोलल्या जातात. कोळसाखाणी व सिमेंट उद्योगांमुळे इतर प्रांतांतील लोकही येथे आले. यांपैकी कोणतीही भाषा इंग्रजीसारखे निश्चयवाचक उपपद पुरवीत नाही. म्हणून येथील विद्यार्थ्याने वा आरोग्य कर्मचाऱ्याने इंग्रजीत ‘द’ गाळला, तर ते निष्काळजीपणाचे लक्षण नसून सभोवतालच्या सर्व भाषांच्या समान रचनेचा परिणाम असतो. उलटपक्षी, चूक टाळण्याच्या प्रयत्नात ‘द मलेरिया’, ‘द टीबी’ असे अनावश्यक उपपदही लावले जाते.

वनप्रदेशातील दोन रोगांवरून या भेदाचे व्यावहारिक मोल स्पष्ट होते. पहिला हिवताप. रुग्णपत्रिकेत ‘द फीव्हर’ परत आला असे लिहिल्यास आधी नोंदविलेलाच ताप उलटला, असा अर्थ होतो. ‘अ फीव्हर’ लिहिल्यास नवा ताप सूचित होतो. हिवतापाचा व्हायवॅक्स हा प्रकार यकृतात दडून राहून पुन्हा उद्‌भवतो व त्यासाठी प्रायमाक्वीन हे औषध द्यावे लागते. फाल्सिपेरम प्रकारात असा यकृतातील सुप्त टप्पा नसतो. अर्थात ताप जुना की नवा, हे रक्ततपासणी व पूर्ववृत्त यांवरून ठरते, उपपदावरून नव्हे. परंतु ‘द’ लिहिणारा नकळत निदानाविषयीच एक विधान करीत असतो. मराठीत ‘ताप पुन्हा आला’ हे वाक्य दोन्ही अर्थी घेता येते. म्हणून रुग्णाचे बोलणे इंग्रजीत नोंदविण्यापूर्वी ‘तोच ताप की दुसरा’ हे विचारून घेणे आवश्यक ठरते.

दुसरा रोग सिकलसेल. पूर्व विदर्भातील अनेक समाजांत आढळणारा हा आनुवंशिक रक्तविकार मराठीत याच इंग्रजी नावाने ओळखला जातो. इंग्रजीत ‘सिकल सेल डिसीज’ हे रोगाचे नाव निरुपपद असते. ‘द सिकल सेल जीन’ यात ‘द’ जनुकाचा असतो. वाहक व्यक्तीस ‘अ कॅरिअर’ म्हणतात. तपासणीच्या निष्कर्षातील ‘एएस’ व ‘एसएस’ हे संक्षेप मराठी संभाषणात उतरताना ही तिन्ही नामे गळतात आणि ‘सिकलसेल आहे’ एवढेच वाक्य उरते. एएस म्हणजे एका पालकाकडून दोषयुक्त जनुक आलेला वाहक, जो सहसा आजारी नसतो. एसएस म्हणजे दोन्ही पालकांकडून ते जनुक आलेला रुग्ण. दोघांविषयी एकच वाक्य वापरल्यास वाहकास विनाकारण रोगी ठरविले जाते व विवाहासारख्या प्रसंगी त्याचे दुष्परिणाम होतात. ‘सिकलसेलचा वाहक’ व ‘सिकलसेलचा रुग्ण’ असे पूर्ण शब्द वापरणे हाच त्यावर मराठीतील उपाय होय. वाहकांविषयीची माहितीही स्पष्टच दिली पाहिजे : दोन वाहकांच्या प्रत्येक अपत्यास एसएस होण्याची शक्यता एकचतुर्थांश असते.

व्यक्ती व रोग : ‘द’ विशेषणास जोडल्यास किंवा अनेकवचनी सामान्यनामास लावल्यास संपूर्ण वर्गाचा बोध होतो. ‘द सिक’ म्हणजे आजारी लोक, ‘द ब्लाइंड’ म्हणजे अंध लोक. कुष्ठरोग्यांच्या बाबतीत ‘द लेपर्स’ या प्रयोगाने माणसांचा एक बहिष्कृत वर्ग केला. हवाना येथे १९४८ मध्ये भरलेल्या आंतरराष्ट्रीय कुष्ठरोग परिषदेने ‘लेपर’ हा शब्द सोडून देण्याची शिफारस केली. भारतातील ‘लेपर्स ॲक्ट’ हा १८९८ चा कायदा २०१६ मध्ये रद्द झाला. दरम्यान, संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २०१० मध्ये स्वीकारलेल्या ठरावात ‘कुष्ठरोगाने बाधित व्यक्ती’ या अर्थाची शब्दयोजना आहे. चंद्रपूर जिल्ह्यात वरोडा येथे बाबा आमटे यांनी १९४९ मध्ये स्थापन केलेल्या महारोगी सेवा समितीच्या नावात तत्कालीन रूढ शब्द आहे. पुढे मराठीत ‘महारोगी’ऐवजी ‘कुष्ठरोगी’ व नंतर ‘कुष्ठरुग्ण’ हे शब्द प्रचारात आले. उपपद नसलेल्या भाषेतही माणसाला रोगाच्या नावाने हाक मारणे शक्य असते. म्हणून भाषांतरकाराने केवळ ‘द’ गाळून भागत नाही, तर व्यक्तिवाचक शब्द पुढे आणावा लागतो.

भाषांतर व अध्यापन : इंग्रजीतील प्रत्येक ‘द’ मराठीत आणण्याचे कारण नाही. पूर्वी उल्लेखिलेल्या वस्तूचा निर्देश असेल, तेथे ‘हा, ही, हे’ योजावे. औषधाच्या सूचनेत ‘ही गोळी’ व ‘गोळी’ यांत फरक पडतो. संपूर्ण जातीचा वा एकमेव वस्तूचा निर्देश असेल, तेथे नुसते नाम पुरते. ‘अ’चे भाषांतर ‘एक’ असे सरसकट केल्याने ‘मलेरिया हा एक रोग आहे’ यासारखी वाक्यरचना रूढ झाली आहे. संख्येवर भर नसेल, तर त्यातील ‘एक’ अनावश्यक असते.

मराठी भाषकाने इंग्रजी लिहिताना क्रमाने तीन प्रश्न विचारल्यास बहुतेक अडचणी सुटतात. हे रोगाचे नाव आहे, की एकवार येणारा झटका वा लक्षण? रोगाचे नाव असल्यास उपपद सहसा नको. झटका असल्यास ‘अ’ हवा. संक्षेपानंतर दुसरे नाम आहे काय? असल्यास उपपदाचा निर्णय त्या नामावरून करावा. संक्षेप संस्थेचा असल्यास त्याचा उच्चार सुट्या अक्षरांनी होतो, की शब्दासारखा? पहिल्या प्रकारात बहुधा ‘द’ येतो, दुसऱ्यात येत नाही. ‘द फ्ल्यू’, ‘द प्लेग’ यांसारखे मोजके रूढ प्रयोग मात्र पाठच करावे लागतात. महाराष्ट्रात २००० सालापासून इयत्ता पहिलीपासून इंग्रजी शिकविले जाते. उपपदाचा पाठ देताना मराठीतील ‘हा’, ‘तो’, ‘ला’ व ‘च’ यांच्या कार्यापासून आरंभ केल्यास विद्यार्थ्यास अपरिचित शब्दाचा परिचित अर्थ सापडतो. गोंडी, कोलामी वा तेलुगू भाषक मुलांच्या बाबतीत त्या त्या भाषेतील दर्शक सर्वनामांचा असाच उपयोग करून घेता येतो.